फंक आणि स्मूद जॅझमध्ये बासरी: पट्टी कोणती घ्यावी, मींड कुठे ठेवावी, तिहाई कुठे संपवावी?

खर्ज_बास

नमस्कार मंडळी. आमच्या बँडमध्ये बास, ड्रम, गिटार, कीबोर्ड (ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज) आणि बासरी असते, काही कार्यक्रमांत तबलाही. दोन स्वतंत्र रचना बसवतो आहोत.

पहिली फंक आहे, १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके). एक बार डी मायनर नाइन, एक बार जी थर्टीन, एवढंच फिरत राहतं. गिटार आणि बासरीची सोळाव्या भागातली एक जलद ओळ युनिसनमध्ये (दोघांनी तेच सूर एकत्र) आहे, मग बासरीचा सोलो. दुसरी स्मूद जॅझच्या अंगाची, ८४ बीपीएम: जी मेजर नाइन, ई मायनर नाइन, ए मायनर नाइन, डी थर्टीन सस, प्रत्येकी एक बार.

बासरीवादक शास्त्रीय शिकलेला आहे आणि त्याच्याकडे पांढरी तीनची (पेटीवर सीपासून तिसरी पांढरी पट्टी, म्हणजे ई) साधारण ३० इंची बासरी आहे. अडचणी चार आहेत. युनिसन ओळ गिचमिड ऐकू येते. लांब धरलेला सूर कीबोर्डशी भिडतो. बँडचा हिट (सगळ्यांचा एकत्र घाव) होऊन गेल्यावर तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) समेवर येते. आणि स्टेजवर एक तर स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजते, नाही तर फुंकेचाच आवाज जास्त येतो. आणखी एकच बासरी घेता येईल. कोणती घ्यावी?

सहा_भोकं

आधी युनिसन ओळीचं बघू, कारण तिथे वादकाचा दोष नाही, हिशोब चुकला आहे.

सहा भोकांच्या बासरीवर वरची (फुंकेकडची) तीन बंद केली की सा. दोन बंद रे, एक बंद ग, सगळी उघडी म्हणजे तीव्र म. खाली चार बंद नि, पाच बंद ध, सहाही बंद प. पूर्ण भोकांचे सूर एवढेच. शुद्ध म आणि चारही कोमल स्वर अर्ध्या भोकाचे. म्हणजे बासरीचा नैसर्गिक थाट कल्याण आहे.

तुमच्या फंक रचनेचे सूर डी, ई, एफ, जी, ए, बी, सी. पांढरी तीनवर हे काय होतात ते मांडून बघा: ई सा, एफ कोमल रे, जी कोमल ग, ए शुद्ध म, बी प, सी कोमल ध, डी कोमल नि. चक्क भैरवी. सातांपैकी पाच सूर अर्ध्या भोकाचे. १०० बीपीएमला सोळावा भाग १५० मिलिसेकंदांचा. तेवढ्यात पाच अर्धी भोकं नेमकी उघडणं मोठ्या बासरीवर कोणालाही अवघडच. शिवाय ३० इंची बासरीचे खालचे सूर बोलायला वेळ घेतात, त्यामुळे बोट वेळेवर पडलं तरी सूर मागून येतो.

उपाय मूर्च्छनेचा: सूर तेच, घर दुसऱ्या सुरावर. डी डोरियनचे, म्हणजे तुमच्या फंक रचनेचे सूर आणि एफच्या कल्याणाचे सूर एकच आहेत. पांढरी चारची (एफ) बासरी घेतली की सातही सूर पूर्ण भोकांवर येतात आणि डी हा ध होतो. सूत्र असं: मायनर फंक ज्या सुरात आहे, त्याच्या तीन अर्धस्वर वरची बासरी घ्या. ई मायनरला जी, ए मायनरला सी, जी मायनरला काळी पाच, सी मायनरला काळी दोन. वादकाला 'सा' हा शब्द काही काळ बाजूला ठेवून ध वर घर करावं लागतं. दोन आठवडे रोज ध ते ध असे पलटे केले की कान बसतो.

हुबर्ट लॉज किंवा बॉबी हम्फ्री यांच्या फंक-जॅझमधल्या ओळी जशाच्या तशा बांबूवर आणू पाहणारे इथेच अडकतात. हे दोघे जॅझ बासरीवादक वाजवतात ती बोमची कळांची बासरी, जिच्या १८४७च्या रचनेत बाराही सुरांना स्वतंत्र भोकं आहेत. तिथे कुठलीही पट्टी चालते. बांबूवर पट्टी निवडणं हाच अरेंजमेंटचा पहिला निर्णय.

निषाद_कोमल

सहा_भोकं यांचा हिशोब बरोबर आहे, पण माझं मत एफच्या विरोधात आहे. कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं.

बासरीवर एक जागा तुटकी असते: तीव्र म (सगळी उघडी) आणि प (सगळी बंद) यांच्यामध्ये. तिथे सलग मींड निघत नाही, सूर उडी मारतो. एफच्या बासरीवर ही तुटकी जागा येते बी आणि सी यांच्यात. आता तुमचे कॉर्ड बघा. डी मायनर सेव्हनमधला सी खाली उतरून जी सेव्हनमधल्या बी वर येतो, ही या दोन कॉर्डमधली सगळ्यात महत्त्वाची हालचाल आहे. जॅझवाले तिला सातव्यातून तिसऱ्यावर उतरणं म्हणतात. आपल्याकडे डीला सा मानलं तर हीच 'नि ध', काफी आणि बागेश्रीचा प्राण. दोन्ही परंपरा जिथे आपोआप एकत्र येतात, नेमक्या त्याच ठिकाणी एफची बासरी मींड तोडते.

म्हणून पांढरी पाच (जी) घ्या. तिच्यावर हे सूर असे बसतात: जी सा, ए रे, बी ग, सी शुद्ध म, डी प, ई ध, एफ कोमल नि. खमाज थाट, फक्त दोन अर्धी भोकं. सी ते बी ही मींड म्हणजे पहिलं भोक अर्ध्यावरून पूर्ण बंद करणं, बासरीवरची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात गोड मींड. तुटकी जागा येते सी शार्प आणि डी यांच्यामध्ये, म्हणजे डीच्या हिशोबाने नि आणि वरचा सा यांच्यात. तिथे फंकमध्ये घसरत जायचंच नसतं, जीभ मारून थेट सा घ्यायचा असतो.

आणखी दोन फायदे. सहाही बंद केली की डी, त्यामुळे मंद्र प ते तार प म्हणजे डी ते डी अशी स्वच्छ दोन सप्तकं मिळतात. आणि तुमची दुसरी रचना जी मेजरमध्येच आहे, तिथे एकच अर्धं भोक लागतं, शुद्ध मचं. एक बासरी, दोन रचना. लांबी साधारण २५ इंच, ३० इंचीपेक्षा चटकन बोलते.

जलद ओळीत दोन अर्धी भोकं जड गेली तर काटछेद (वरचं भोक उघडं ठेवून त्याखालची बंद करणं) वापरून बघा. सी साठी पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद. एफ साठी वरची चार बंद, पाचवं उघडं, सहावं बंद. हे बासरीगणिक बदलतं, एफ बहुतेकदा चढा राहतो. सोळाव्या भागाच्या निसटत्या सुराला खपतो, धरलेल्या सुराला अजिबात नाही.

मागवताना 'तीन भोकं बंद असताना जी' असं स्पष्ट सांगा. परदेशी दुकानांत सहा भोकांच्या बासऱ्या पुष्कळदा सगळ्यात खालच्या सुरावरून ओळखल्या जातात, आणि तिथे हीच बासरी 'डी' ठरते.

सहा_भोकं

मान्य. युनिसन ओळीपुरती एफ सोपी, पण सोलोही त्याच बासरीवर असेल तर जीच. फक्त डीची बासरी घेऊ नका, पुष्कळ जण 'गाणं डीमध्ये म्हणून बासरी डी' असं करतात. तिच्यावर ग, म, नि अशी तीन अर्धी भोकं येतात आणि तुटकी जागा म-प मध्ये. धानीच्या वळणाचे फंक तुकडे म-प वरूनच फिरतात.

खर्ज_बास

दोघांचेही आभार, जी मागवतो. आता सांगा, सोलोमध्ये राग कोणता धरावा? आणि कीबोर्डशी सूर का भिडतात? बासरी ट्यूनरवर बरोबर दाखवते.

ऱ्होड्स_७३

भिडण्याची कारणं तीन, वेगवेगळी सोडवा.

पहिलं, श्रुती. शास्त्रीय कानाचा शुद्ध ग सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डचा ४०० वर. ध ८८४ विरुद्ध ९००, नि १०८८ विरुद्ध ११००. दुसऱ्या रचनेत जी मेजर नाइनवर बासरीने बी लांब धरला की तो कीबोर्डच्या बीपेक्षा १४ सेंट खाली बसतो, आणि ऱ्होड्सच्या लांब सुराशी लहरी ऐकू येतात. ट्यूनरवर एकेक सूर सुटा वाजवताना वादक सुईकडे बघून सूर जुळवतो, गाण्यात कानाने जातो. वादकाला सूर चढवायला सांगू नका, त्याचा ग हाच तर आपल्याला हवा आहे. बासरी ग धरणार असेल त्या बारमध्ये कीबोर्डने बी सोडायचा. डाव्या हाताला काही नाही (मूळ सूर बास देतोच), उजव्याला एफ शार्प, ए, डी. सातवा, नववा, पाचवा. तिसरा सूर बासरीचा. डी मायनर नाइनवर बासरी एफ धरेल तेव्हा सी, ई, ए.

दुसरं, चुकीच्या कॉर्डवर मुक्काम. डी मायनरवर सी उत्तम. तोच सी जी थर्टीनवर धरून ठेवला तर कॉर्डमधल्या बीशी घासतो. म्हणून कॉर्ड बदलताना सी चा बी झालाच पाहिजे, वर निषाद_कोमल यांनी लिहिलेली मींड इथेच. दुसऱ्या रचनेत जी मेजर नाइनवर शुद्ध म (सी) वर थांबू नका, बीशी अर्धस्वराने भांडतो. तिथे तीव्र म सुंदर लागतो. पण तोच तीव्र म ए मायनर नाइनवर नेला की कॉर्डचा सी आणि बासरीचा सी शार्प एकमेकांवर आदळतात. म्हणजे संपूर्ण चार बारभर यमन चालत नाही. पहिल्या बारमध्ये तीव्र, तिसऱ्या-चौथ्यात शुद्ध.

सुरक्षित हवं असेल तर हंसध्वनी घ्या: सा रे ग प नि, दोन्ही म बाहेर. जी, ए, बी, डी, एफ शार्प चारही कॉर्डवर बसतात. अपवाद एक, डी थर्टीन ससवर नि (एफ शार्प) वर थांबायचं नाही, कारण तिथे सस म्हणजे जी वाजतोय. जाता जाता लागला तर चालतो.

तिसरं, तानपुरा. फंक रचनेत डीचा तानपुरा ॲपवर लावून ठेवला असेल तर बंद करा. जुळलेल्या खर्जाच्या तारेतून पाचवा स्वनक (मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर), म्हणजे स्वयंभू शुद्ध गंधार, ठळक ऐकू येतो. डीच्या तारेतून एफ शार्प. आणि तुमचा कॉर्ड मायनर, त्यात एफ. कॉर्ड मायनर असताना तानपुरा चालू ठेवला की सगळं का कोण जाणे बेसूर वाटतं, आणि दोष बासरीला मिळतो. सुरुवातीच्या आलापात तानपुरा ठेवा, पहिला कॉर्ड पडायच्या आधी हळूहळू उतरवून बंद करा. दुसऱ्या रचनेत जी-डी चा तानपुरा बारीक ठेवला तर चालेल, ते दोन सूर चारही कॉर्डमध्ये सामावतात.

रागाबद्दल. युनिसन ओळ धानीत ठेवा. सा ग म प नि, कोमल ग-नि, म्हणजे डी, एफ, जी, ए, सी. जगभर ज्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात ते हेच सूर, गिटारिस्टच्या बोटांतही आधीच आहेत. सोलोत काफी उघडा, शुद्ध ध आणि रे आले की जी थर्टीनला अर्थ येतो. मध्ये आठ बारचा ब्रिज टाकायची तयारी असेल तर डी सेव्हन शार्प नाइन धरून त्यावर जोग वाजवा. त्या कॉर्डमध्ये एफ शार्प आणि एफ दोन्ही आहेत, जोगमध्ये दोन्ही गंधार आहेत: चढताना शुद्ध, उतरताना 'ग म ग(कोमल) सा'. फंकचा सगळ्यात ओळखीचा कॉर्ड आणि जोग यांच्याइतकी सहज जुळणी मला दुसरी माहीत नाही. जीच्या बासरीवर एफ शार्प पूर्ण भोकाचा (चार बंद) आणि एफ पाचवं अर्धं. मात्र तिथे कीबोर्डने साधा नाइन वाजवू नये. त्यातला ई म्हणजे जोगमध्ये वर्ज्य असलेला रे.

मध्यरात्र_बागेश्री

एक विनंती. वर बागेश्रीचं नाव आलं म्हणून लिहितो. बास गिटार सा-प-सा ठोकत असेल तर त्याला बागेश्री म्हणू नका. बागेश्रीत प अल्प आहे, मध्यम हा तिचा मुक्काम. फंकच्या बासमध्ये प सतत कानावर आदळतो, त्याखाली तिचं चलन टिकत नाही. भीमपलासीतही रे आणि ध आरोहात नाहीत, आणि गिटारिस्ट चढताना सर्रास घेतो.

ऱ्होड्स_७३

पूर्ण सहमत, म्हणूनच काफी सुचवला. ठुमरी-होरीच्या अंगाने त्यात मोकळीक आहे, शुद्ध ग-नि चे स्पर्शही खपतात. बागेश्रीच हवी असेल तर बासला सांगून बघा: डी आणि जी वर चालायचं, ए सोडून द्यायचा. सोलोचे पहिले आठ बार असे ठेवले तर मध्यम खरोखर उभा राहतो, आणि नंतर बास मोकळा झाला की फंक दुप्पट जोराने येतो.

ठेका_सोळा

लयीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

फंकचा एक बार सोळा सोळाव्या भागांचा. त्याला तीनतालाचं एक आवर्तन समजा. सम म्हणजे 'वन'. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडतो, म्हणजे पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. तीनतालात टाळी कुठे? एक, पाच, तेरा. खाली नवव्या मात्रेवर, म्हणजे तिसऱ्या बीटवर. बासरीवादकाला हातावर टाळी देत ड्रमचा लूप ऐकायला सांगा, दहा मिनिटांत पकड येते.

आता तिहाई. सूत्र सगळ्यांना माहीत आहे: तुकड्याच्या मात्रा अ, मधला दम (थांबा) ब, तर तीन अ अधिक दोन ब बरोबर एकूण मात्रा अधिक एक, म्हणजे शेवटचा घाव समेवर. दोन बार म्हणजे ३२ मात्रा, ३३वी सम. 'वन'पासून निघायचं असेल तर ११ चा तुकडा बेदम (मध्ये दम न ठेवता), किंवा ९ चा तुकडा आणि ३ चा दम, किंवा ७ आणि ६. एकाच बारमध्ये हवी तर १७ जमवायचे: ५ चा तुकडा, १ चा दम.

तुमच्या बँडचा हिट आधी होतो कारण तो 'चारच्या अँड'वर (चौथ्या बीटच्या मध्यावर) लिहिलेला असणार. ती दुसऱ्या बारमधली १५वी मात्रा, म्हणजे ३२ पैकी ३१वी. मग ३३ नव्हे, ३१ जमवा: ९ चा तुकडा आणि २ चा दम, किंवा ७ आणि ५. वादकाचं गणित चुकत नव्हतं, त्याला सम कुठे आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. चार्टवर हिटच्या जागी चौकट काढा आणि 'सम इथे' लिहा.

९ आणि २ वाली तिहाई बांधताना तुकड्याचा शेवटचा सूर आधी ठरवा. हिट जर डी मायनरचा अगोदर घेतलेला घाव असेल तर डी, ए किंवा एफ. सी वर संपवली तर लटकल्यासारखी वाटते.

मींडेचंही तसंच. शास्त्रीय सवयीने वादक मात्रेवर मींड सुरू करतो आणि मात्रेनंतर पोचतो. विलंबितात ते शोभतं, फंकमध्ये तो मागे पडल्यासारखा ऐकू येतो. इथे पोचणं बीटवर हवं. सी ते बी ही मींड जी थर्टीनच्या 'वन'वर बी मध्ये संपली पाहिजे, म्हणजे निघायचं आदल्या बारच्या १५व्या मात्रेला. स्मूद जॅझच्या रचनेत उलट करा. ८४ ला बीटनंतर किंचित उशिरा पोचणं हाच त्या शैलीचा आराम आहे.

जिभेबद्दल. गायकी अंगाने शिकलेले वादक एका फुंकेत बोटांनी सूर वेगळे करतात. युनिसन ओळीत गिटारचा प्रत्येक सूर नखीने सुटा होतो, त्यामुळे बासरी पुसट वाटते. प्रत्येक सुराला 'तु' द्या. १०० ला सलग सोळावे एकेरी जिभेने जेमतेम जमतात, त्यापुढे 'तु-कु'. 'कु' नेहमी दुबळा पडतो, म्हणून आठवडाभर नुसत्या 'कु-कु-कु'चा सराव ६० बीपीएमला आठव्या भागात. सगळे सूर सारख्या जोराने नकोत: चारच्या गटात पहिला आणि चौथा ठसठशीत, मधले दोन जवळजवळ गिळलेले. फंकची चाल त्या गिळलेल्या सुरांत आहे.

फेडर_आणि_फुंक

आवाजाच्या बाजूने.

माइक बासरीच्या तोंडासमोर ठेवला की फुंकेचा झोत थेट त्यावर पडतो. स्टेजवर साधा डायनॅमिक माइक (शुअर एसएम ५७ किंवा ५८) ओठांच्या पातळीपेक्षा वर, ५ ते ८ सेंटिमीटर अंतरावर, थोडा भोकांच्या बाजूला सरकवून खाली तोंड करून लावा. झोत खालून निघून जातो. वादक हलत असेल तर बासरीला चिमटा लावून बसणारा छोटा कंडेन्सर बरा, पण मग मॉनिटर कानातलेच घ्या. स्टुडिओत २५ ते ३० सेंटिमीटरवर, फुंकेचं भोक आणि पहिलं भोक यांच्या मध्ये रोखून. सगळा सूर तोंडापासून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो. फार जवळ गेलात की भोकांचा आवाज कमी आणि हवा जास्त.

जीच्या बासरीचा सर्वांत खालचा सूर डी, सुमारे २९४ हर्ट्झ. म्हणजे १८० ते २०० हर्ट्झखालचं सगळं निर्धास्त कापा, किक आणि बासची गळती जाते. तार सप्तकात टोचतं तिथे, २.५ ते ३.५ किलोहर्ट्झ दरम्यान शोधून, २-३ डेसिबल अरुंद खाच. फुंकेची सळसळ ५ किलोहर्ट्झच्या वर असते, ती थोडी उतरवा, पुसू नका. पुसली की बासरी सिंथसारखी वाटते.

कॉम्प्रेसर ३:१, अटॅक २० मिलिसेकंद, ३-४ डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. जास्त दाबलात की सुरांमधली हवा वर येते, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. ध्वनिमुद्रणात एका ओळीतला जोरातला सूर हाताने खाली घेणं कॉम्प्रेसरपेक्षा कधीही चांगलं.

फंकला प्लेट रिव्हर्ब १ ते १.२ सेकंद, प्री-डिले २५ मिलिसेकंद. शास्त्रीय मैफलीसारखा मोठा हॉल लावलात तर ठेका_सोळा यांनी सांगितलेले गिळलेले सूर वाहून जातील. दुसऱ्या रचनेत २ सेकंदांपर्यंत जा आणि डॉटेड आठव्याचा डिले ठेवा: ८४ बीपीएमला ५३६ मिलिसेकंद, एक-दोन प्रतिध्वनी, त्यांचे ४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर कापलेले.

शिट्टीचं कारण बहुतेक जमिनीवरचा मॉनिटर. बासरी मंद्रात गेली की दबते, मग सगळे तिचा फेडर वर नेतात, मग ती तारात जाते आणि शिट्टी. हे मिक्सरवर सुटत नाही. बासरी खालच्या सप्तकात असेल त्या आठ बारमध्ये गिटारने वा-वा बंद करून नुसता दाबलेला सूर द्यावा, कीबोर्डने मधल्या सीच्या खाली राहावं, ड्रमने हायहॅट बंद ठेवावी. तबला असेल तर बायाचा घुमारा किकशी भांडतो: बायाच्या माइकला ९० हर्ट्झखाली काप द्या, किकला त्याखालची जागा सोडा. आणि दायां रचनेच्या सा ला मिळवा, बासरीच्या नावाला नव्हे. पहिल्या रचनेत डी, दुसरीत जी, म्हणजे दोन दायां लागतील.

खर्ज_बास

खूपच उपयोगी. शेवटचा प्रश्न: फंक रचनेच्या सुरुवातीला वादकाला त्याच्या पांढरी तीनवर आलाप करायचा आहे, मोठ्या बासरीचा मंद्र त्याला सोडवत नाही. मध्येच बासरी बदलता येईल का?

निषाद_कोमल

येईल, आणि आलाप मोठ्या बासरीवर असावाच. पन्नालाल घोषांनी (१९११–१९६०) बासरी मोठी केली ती त्या खर्जासाठीच. पण पांढरी तीनवर डीचा काफी आलाप म्हणजे पुन्हा ती पाच अर्धी भोकं. विलंबितात ती अडचण राहत नाही, तिथे अर्धं भोक म्हणजे मींडेचं दार. सुरुवात मंद्र प (बी) पासून न करता डी वर मुक्काम ठेवून करा, आणि बी-सी वर आंदोलन घ्या. 'ध नि'ची ती जागा सहाव्या भोकावर अर्धवट बोटाने अप्रतिम निघते.

सहा_भोकं

बदलायला चार बार ठेवा, त्यात नुसता बास आणि ड्रम. दोन बारमध्ये बासरी हातात येते, पण ओठ बसत नाहीत.

खरी अडचण तापमानाची. हवा एक अंश थंड झाली की बासरीचा सूर सुमारे ३ सेंट उतरतो. वाजवत असलेली बासरी श्वासाने गरम झालेली असते, स्टँडवर पडलेली एसीतल्या हवेइतकी थंड. सात-आठ अंशांचा फरक असला तर नवी बासरी २० सेंटपर्यंत खाली लागू शकते, आणि ती नेमकी गिटारबरोबरच्या युनिसनमध्ये शिरणार. जीची बासरी आलापाच्या आधी पाच मिनिटं वाजवून कापडी पिशवीत ठेवा. चार बारच्या मोकळ्या जागेत सगळी भोकं बंद करून, सूर न काढता, आतून दोन लांब उच्छ्वास सोडा. एसीचा झोत स्टँडवर येत नाही ना, ते साउंडचेकलाच बघा.

तरीही खाली लागली तर वादक बासरी किंचित बाहेर फिरवून ८-१० सेंट चढवू शकतो, त्यापुढे सुराचा रंग जातो. बांबूला सहसा सरकता जोड नसतो, म्हणून बँडने बासरीकडे यायचं. साउंडचेकला बासरी दहा मिनिटं वाजवून झाल्यावर डी धरायला सांगा आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग त्याला लावा. ४४० पासून एक हर्ट्झ म्हणजे जवळपास ४ सेंट. ४३८ निघालं तर ४३८, गिटार आणि बासनेही त्यावरच मिळवायचं. युनिसन ओळ त्यानंतरच घासून घ्या, आधी ८० ला, मग १०० ला.